एक मिलिमीटर आणि दोन लाख

अनेक कॉलेजांच्या फिजिक्स लॅबमध्ये छताजवळ एक मजबूत लोखंडी आधार ठोकलेला दिसतो. त्याला एकाच धातूच्या दोन बारीक तारा शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. खालच्या टोकांना दोन धातूच्या चौकटी, त्या दोन्हींवर मिळून टेकवलेली एक स्पिरिट लेव्हल, आणि एका चौकटीला मायक्रोमीटरचा स्क्रू. हे सर्लचं उपकरण. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेणाऱ्या जी. एफ. सी. सर्ल यांच्यावरून त्याला हे नाव पडलं. दिसायला अगदी साधं. पण कुठल्याही घन पदार्थाचा ताठपणा किती, या प्रश्नाचं उत्तर ते एका आकड्यात देतं, आणि तोच आकडा पुढे पुलाला, रुळाला आणि तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबला लागू पडतो. ही किमया नेमकी कशी घडते, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

समजा, तार स्टीलची आहे. लांबी २ मीटर, जाडी १ मिलिमीटर. तिला आपण दोन-दोन किलोची वजनं अडकवत जाऊ. पहिली दोन किलो लावली की तार पाव मिलिमीटरने लांबते. आणखी दोन किलो, आणखी पाव मिलिमीटर. आठ किलो झाले की वाढ होते बरोबर १ मिलिमीटर. वजनं एकेक करून उतरवली की तार त्याच पायऱ्यांनी मागे येते आणि पुन्हा २ मीटरची होते. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. स्टीलची तार लांबली हेच मुळात खरं वाटत नाही. पण ती लांबते, आणि अत्यंत शिस्तीत लांबते.

आता हिशेब. आठ किलोचं वजन म्हणजे सुमारे ७८.५ न्यूटन बल. तारेच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की येतात १०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. यालाच इंजिनिअर स्ट्रेस म्हणतात आणि पाठ्यपुस्तकं प्रतिबल. दुसरा भागाकार वाढीचा: २,००० मिलिमीटर लांबीमागे १ मिलिमीटर, म्हणजे ०.०००५. हा स्ट्रेन, अर्थात विकृती. लांबीला लांबीने भागल्यामुळे याला एककच नाही. आता पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. १०० भागिले ०.०००५, उत्तर २,००,०००. दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, किंवा २०० गिगापास्कल. हाच स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक. यंगचा गुणांक म्हणतात तोही हाच.

तीन भागाकार, दुसरं काही नाही. मग यात एवढं विशेष ते काय?

विशेष असं की तार बदलली तरी उत्तर बदलत नाही. दुप्पट जाड तार घ्या. तिचा छेद चौपट होईल, आठ किलोला ती पाव मिलिमीटरच लांबेल, पण प्रतिबलही चौथा हिस्साच होईल. चार मीटरची तार घ्या. ती दोन मिलिमीटर लांबेल, पण भागायची लांबीही दुप्पट. दोन्ही वेळा शेवटी हाती येतात तेच दोन लाख. एका राज्याचं एकूण उत्पन्न दुसऱ्यापेक्षा जास्त आहे एवढ्यावरून तिथली माणसं श्रीमंत ठरत नाहीत. त्यासाठी दरडोई उत्पन्न काढावं लागतं. स्ट्रेस आणि स्ट्रेन हे तारेचे असेच दरडोई हिशेब आहेत. बलाला क्षेत्रफळाने भागलं की जाडीचा प्रश्न मिटतो. वाढीला मूळ लांबीने भागलं की लांबीचा प्रश्न मिटतो. तारेची तार म्हणून जेवढी ओळख होती, तेवढी सगळी पुसली जाते आणि मागे उरतो तो फक्त पदार्थ. आकड्यावर ना लांबीचा ठसा, ना जाडीचा. तो स्टीलचा आकडा आहे, जगात जिथे स्टील असेल तिथला.

दुसरी तार कशासाठी?

सर्लच्या उपकरणात दोन तारा असतात आणि वजन वाढवत न्यायचं असतं एकाच तारेवर. मग दुसरी कशाला? याचं उत्तर कळलं की मोजमाप म्हणजे काय याची खरी कल्पना येते.

स्टील एक अंश सेल्सिअसने तापलं की दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढतं. दोन मीटरच्या तारेसाठी ही वाढ ०.०२४ मिलिमीटर होते. आपण दर दोन किलोला मोजतो आहोत पाव मिलिमीटर. म्हणजे प्रयोग चालू असताना कुणी पंखा लावला, खोलीचं तापमान एका अंशाने बदललं, तर एका पायरीच्या वाचनात दहा टक्क्यांची चूक शिरली. शिवाय वजनं वाढत जातात तसा वरचा आधारही किंचित खाली वाकतो, आणि ते वाकणंही तारेच्या खात्यावर जमा होतं. दुसरी तार या दोन्ही चुका परस्पर काढून टाकते. खोली तापली तर दोघी सारख्याच लांबतील. आधार वाकला तर दोघी सारख्याच खाली येतील. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा सरकतो तो फक्त दोघींमधल्या फरकाने. स्क्रू फिरवून बुडबुडा पुन्हा मध्यावर आणायचा आणि स्क्रू किती फिरला ते वाचायचं. शतांश मिलिमीटरपर्यंतचं माप असं एका बुडबुड्याच्या भरवशावर मिळतं.

तारेला सुरुवातीला थोडं कायमचं वजन लावून ठेवतात, कारण गुंडाळून ठेवलेल्या तारेत बारीक बाक असतात आणि पहिली एक-दोन वजनं ते सरळ करण्यातच खर्ची पडतात. वजनं चढवताना एक वाचन घेतात, उतरवताना दुसरं. दोन्ही जुळली तरच तार खरोखर मूळ लांबीवर परतते आहे असं म्हणता येतं. आणि सगळ्यात जास्त जपायची ती जाडी. स्क्रू गेजने ती एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवी आणि उभी अशी मोजावी लागते. क्षेत्रफळात जाडीचा वर्ग येतो, त्यामुळे जाडीत एक टक्का चुकलं की उत्तरात दोन टक्के चुकतं. एक मिलिमीटरच्या तारेत एक टक्का म्हणजे स्क्रू गेजची एकच रेघ.

शेवटी कुठल्याही एका वाचनावर विसंबायचं नसतं. आडव्या अक्षावर स्ट्रेन, उभ्या अक्षावर स्ट्रेस असा आलेख काढला की बिंदू एका सरळ रेषेत येतात. त्या रेषेचा चढ म्हणजे गुणांक.

दीडशे वर्षांची वाट

आज हे तीन भागाकार अकरावीतला विद्यार्थी पाच मिनिटांत करतो. पण तिथवर पोचायला माणसाला जवळपास दीडशे वर्षं लागली.

रॉबर्ट हुक यांना बल आणि वाढ यांच्यातला नियम १६६० च्या दशकातच उमगला होता. १६७६ मध्ये त्यांनी तो एका पुस्तकाच्या शेवटी कोड्याच्या रूपात छापला, एका छोट्या लॅटिन वाक्यातली अक्षरं वर्णानुक्रमे लावून. शोध आपला हे सिद्ध व्हावं, पण दुसऱ्याच्या हाती लागू नये, अशी ती युक्ती. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यांनी कोड्याचा उलगडा केला: जेवढं बल, त्या प्रमाणात वाढ. प्रयोगासाठी त्यांनी वीस ते चाळीस फूट लांबीच्या तारा खिळ्याला टांगून खाली पारडं बांधायला सांगितलं होतं. एवढ्या लांब तारा का, ते आता आपल्याला कळतं. तार जितकी लांब, तितकी वाढ मोठी, आणि तितकी ती मोजायला सोपी.

पण हुक यांचा नियम एकेका वस्तूपुरता होता. ही स्प्रिंग अशी, ती तार तशी. वस्तूच्या मागे उभा असलेला पदार्थ त्यात अजून वेगळा झाला नव्हता. तो वेगळा करण्याची कल्पना लिओनार्ड ऑयलर यांनी १७२७ मध्ये मांडली. इटलीच्या जिओर्दानो रिक्काती यांनी १७८२ मध्ये त्यावर प्रयोग केले. आणि १८०७ मध्ये थॉमस यंग यांनी आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात ‘मॉड्युलस’ची व्याख्या दिली. यंग पेशाने डॉक्टर. प्रकाश लहरींसारखा वागतो हे दाखवणारे ते, आणि इजिप्तच्या रोझेटा शिळेवरची लिपी वाचण्यात मोलाची भर घालणारेही तेच. त्यांची व्याख्या मात्र त्याच पदार्थाच्या एका कल्पित स्तंभाच्या वजनाच्या भाषेत होती आणि चांगलीच बोजड होती. १८२२ मध्ये ऑगस्तिन-लुई कोशी यांनी स्ट्रेसची कल्पना नेमकी केली, १८२६ मध्ये क्लोद-लुई नाव्हिए यांनी आज आपण वापरतो त्या रूपात गुणांक मांडला, आणि तेव्हा कुठे पदार्थ वस्तूपासून पुरता सुटा झाला. नाव राहिलं यंग यांचं, पण मेहनत चार-पाच पिढ्यांची होती.

ताठ म्हणजे मजबूत नव्हे

हा आकडा येतो कुठून? त्यासाठी तारेच्या आत जायला हवं. लोखंडाच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतर सुमारे पाव नॅनोमीटर असतं. हिशेब केला तर दोन मीटरच्या तारेत एकामागे एक असे सुमारे ८०० कोटी अणू येतात. आठ किलोने तार जी १ मिलिमीटर लांबली, ती या ८०० कोटी अंतरांमध्ये वाटली गेली. प्रत्येक अंतर आपल्या मूळ मापाच्या दोन हजाराव्या भागाने रुंदावलं. अणू जवळ आणले तर ते एकमेकांना ढकलतात, दूर नेले तर ओढतात, आणि मधल्या एका अंतरावर दोन्ही बलं समतोल साधतात. त्या जागेवरून किंचित हलवलं की परत ओढणारं बल किती वेगाने वाढतं, यावर गुणांक ठरतो. म्हणजे छतापासून टांगलेल्या तारेला किलोची वजनं लावून आपण प्रत्यक्षात दोन अणूंमधला बंध मोजत असतो. एक स्क्रू, एक बुडबुडा आणि काही वजनं एवढ्या सामग्रीवर माणूस तिथवर पोचतो, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

यातूनच एक गोष्ट निघते, जी बांधकामाच्या रोजच्या व्यवहारातही पुष्कळांच्या ध्यानात नसते. साध्या माइल्ड स्टीलची सळई २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला हार मानते, म्हणजे त्यापुढे ती कायमची लांबते. आजची एफई ५०० टीएमटी सळई ५०० पर्यंत टिकते, दुप्पट मजबूत. मग तिचा गुणांकही दुप्पट असेल? नाही. दोन्हींचा दोन लाखच. कार्बन थोडा कमी-जास्त करून किंवा सळई तापवून पाण्याने झटकन थंड करून आपण पोलादातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरणं अवघड करतो. त्याने मजबुती वाढते. पण अणूंमधले बंध होते तसेच राहतात, म्हणून ताठपणा बदलत नाही. गर्डर फार वाकतो आहे अशी तक्रार असेल, तर त्याच मापाचा पण भारीतल्या पोलादाचा गर्डर आणून काही उपयोग नाही. तोही तितकाच वाकेल. त्याची खोली वाढवावी लागेल. मजबुती सांगते की वस्तू कधी हरेल. गुणांक सांगतो की हरायच्या कितीतरी आधी, रोजच्या भाराखाली, ती किती हलेल.

माइल्ड स्टील हार मानतं तेव्हा स्ट्रेन असतो जेमतेम ०.००१२५. त्यानंतर ते तुटेपर्यंत वीस टक्के किंवा अधिक लांबू शकतं. म्हणजे ज्या सरळ रेषेवर सगळं बांधकामशास्त्र उभं आहे, ती संपूर्ण आलेखाच्या डाव्या कडेला चिकटलेली एक उभी रेघ असते. पण एक सुरेख गोष्ट इथेही आहे. हार मानलेली सळई अर्ध्या वाटेत सोडून दिली तर ती मूळ लांबीवर येत नाही, मात्र मागे येतानाची रेषा जवळजवळ पहिल्याच चढाची असते. सळई कायमची लांबली, तरी तिच्या अणूंमधले बंध बदलले नाहीत.

काँक्रीटला मात्र अशी सरळ रेषाच नाही. त्याचा आलेख सुरुवातीपासून हळूहळू वाकत जातो, म्हणून ठरावीक स्ट्रेसपर्यंत जोडरेषा काढून तिचा चढ घेतात. आपल्याकडची आयएस ४५६ ही संहिता त्यासाठी सोपं सूत्र देते: काँक्रीटच्या मजबुतीचं वर्गमूळ गुणिले ५,०००. एम २५ काँक्रीटसाठी उत्तर येतं २५,०००. स्टीलच्या एक अष्टमांश. आता आरसीसीचा एखादा कॉलम डोळ्यांसमोर आणा. सळई आणि काँक्रीट एकमेकांना घट्ट धरून आहेत, त्यामुळे भार आला की दोघांचा स्ट्रेन एकच. मग ज्या जागी काँक्रीटवर ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरचा स्ट्रेस आहे, त्याच जागी सळईवर असतो ४०. ही वाटणी कुणी करून दिलेली नाही. दोघांचे गुणांकच ती ठरवतात.

पदार्थांची यादी

स्टीलचे दोन लाख धरले, तर त्याच एककात तांब्याचे सुमारे सव्वा लाख, पितळेचे एक लाख, अ‍ॅल्युमिनियमचे सत्तर हजार, आणि काचेचेही तेवढेच. आपल्या हाडांचे पंधरा ते वीस हजार. सागासारख्या लाकडाचे धाग्याच्या दिशेने दहा-बारा हजार, पण धाग्याला आडवे त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. नायलॉनचे दोन-तीन हजार. हिऱ्याचे दहा लाखांहून जास्त.

या यादीत एक विलक्षण योगायोग लपलेला आहे. गुणांकाला घनतेने भागून पाहा. स्टीलचे २०० गिगापास्कल भागिले ७.८५, उत्तर सुमारे २५.५. अ‍ॅल्युमिनियमचे ७० भागिले २.७, उत्तर २५.९. टायटॅनियमचे ११६ भागिले ४.५१, उत्तर २५.७. एक जड, दुसरा हलका, तिसरा मधला, आणि वजनाच्या मानाने ताठपणा तिघांचा एकच! म्हणून स्टीलची दांडी काढून तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच वजनाची अ‍ॅल्युमिनियमची दांडी लावली, तर ओढ सहन करताना ती तितकीच लांबते. ही कोंडी फोडली कार्बनच्या तंतूंनी. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्बन तंतूचा गुणांक सुमारे २३० आणि घनता १.८ च्याही खाली, म्हणजे भागाकार सव्वाशेच्या पुढे. विमानाच्या पंखांपासून शर्यतीच्या सायकलींपर्यंत हा तंतू का पोचला, ते या एका भागाकारात दिसतं.

हाच भागाकार कानांनाही कळतो. लांब दांडीतून आवाज किती वेगाने जातो, हे या भागाकाराचं वर्गमूळ ठरवतं. स्टीलच्या दांडीत तो सेकंदाला सुमारे ५,०५० मीटर जातो, हवेत जेमतेम ३४०. त्यामुळे वजन न टांगता, दांडीवर नुसती टिचकी मारून आणि तिचा स्वर मोजूनही गुणांक काढता येतो. जुन्या पुलाच्या काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून, त्या पलीकडे किती वेळात पोचतात यावरून काँक्रीटच्या प्रतीचा अंदाज बांधतात, त्याच्या मुळाशी हेच नातं आहे.

आणि रबर? त्याचा गुणांक दोन लाखांच्या पुढे अगदीच क्षुल्लक, एखाद-दोन ते फार तर दहा. पण त्याच्या ताठपणाची जातच निराळी. इंग्लंडमधल्या केंडलच्या जॉन गॉफ या अंध निसर्गअभ्यासकाने रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली, तेव्हा ती ऊबदार लागली. वजन टांगलेली रबराची पट्टी तापवली तर ती लांबायच्या ऐवजी आखडते, हेही त्यानेच पाहिलं. त्याचा निबंध १८०५ चा. रबरात ताणाला विरोध करतात ते अणूंमधले बंध नव्हेत. त्याच्या लांबलचक रेणूंची विस्कटलेलं राहण्याची ओढ हा विरोध करते, आणि उष्णतेने ती ओढ वाढते. पोलादाचं उलट. ६०० अंश सेल्सिअसला स्टीलचा गुणांक एक तृतीयांशाच्याही खाली येतो. आगीत सापडलेली पोलादी चौकट वितळण्याच्या कितीतरी आधी वाकून पडते, त्याचं हे एक मोठं कारण.

रूळ आणि स्लीपर

या आकड्याची खरी ताकद पाहायची तर रेल्वेच्या रुळाकडे जावं. पूर्वी रुळांना ठरावीक अंतरावर सांधे असत आणि गाडी त्यांवरून खडखडत जाई. आता रूळ जोडून किलोमीटरच्या हिशेबात सलग करतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात असा रूळ, समजा, बसवला होता त्यापेक्षा ३० अंशांनी जास्त तापला. मोकळा असता तर तो ०.०००३६ इतक्या स्ट्रेनने वाढला असता. पण स्लीपर आणि खडीने त्याला जखडून ठेवलेलं आहे. न झालेली ती वाढ गुणिले दोन लाख, म्हणजे ७२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मीटरला साठ किलो भरणाऱ्या रुळाचा छेद सुमारे ७,७०० चौरस मिलिमीटर. गुणाकार साडेपाच लाख न्यूटन. एका रुळात ५६ टनांचा दाब! आणि यात रुळाची लांबी कुठेच आली नाही. रूळ एक किलोमीटरचा असो की दहा, दाब तेवढाच, कारण स्ट्रेनमधून लांबी आधीच निघून गेलेली आहे. सलग रूळ शक्य झाले ते यामुळेच. रूळ कुठल्या तापमानाला जखडायचा ते नीट ठरवलं, की उन्हाळ्यातला दाब आणि हिवाळ्यातली ओढ दोन्ही आटोक्यात राहतात.

त्या रुळाखालचा काँक्रीटचा स्लीपरही याच गुणांकाची देणगी आहे. त्याच्या आत पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात. त्या आखडू पाहतात आणि काँक्रीटला कायम दाबाखाली ठेवतात, त्यामुळे ते तडकत नाही. ही प्रीस्ट्रेसिंगची कल्पना एकोणिसाव्या शतकातच सुचली होती, पण सुरुवातीचे प्रयत्न फसले. का, ते फ्रान्सच्या युजीन फ्रेसिने यांनी ओळखलं. आलिए नदीवर त्यांनी बांधलेल्या पुलाच्या कमानी काही काळाने खाली बसू लागल्या आणि जॅक लावून त्यांना त्या पुन्हा उचलाव्या लागल्या. काँक्रीट सततच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू आखूड होत राहतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

हे आखूड होणं सहा-सात दहाहजारांश धरू. साधं पोलाद १५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपर्यंत ताणलं, तर त्याचा स्ट्रेन साडेसात दहाहजारांश. काँक्रीट तेवढं आखडलं की तार जवळजवळ सैल पडली, सगळी मेहनत पाण्यात. पण अतिमजबूत तार १,२०० पर्यंत ताणली, तर गुणांक तोच असल्यामुळे तिचा स्ट्रेन होतो साठ दहाहजारांश. त्यातले सात गेले तरी त्रेपन्न उरतात. फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये याचं पेटंट घेतलं. मजबूत पोलादाचा गुणांक वाढत नाही, ही गर्डरच्या बाबतीत अडचण होती. इथे तीच वरदान ठरली. आजचे उड्डाणपूल आणि मेट्रोचे गर्डर या वजाबाकीवर उभे आहेत.

घरी करून पाहा

हा आकडा पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः काढावा, अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे, आणि शिक्षकांना जरा जास्तच. सर्लचं उपकरण नसलं तरी चालेल. तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या. ती टेबलाच्या कडेवरून २० सेंटिमीटर बाहेर काढून मागचा भाग घट्ट दाबून धरा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ५० ग्रॅम वजन तोला, दोऱ्याने पट्टीच्या टोकाला अडकवा, आणि टोक किती खाली गेलं ते दुसऱ्या उभ्या पट्टीवर वाचा. १ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर रुंद पट्टी असेल तर टोक ३ मिलिमीटरच्या आसपास खाली जाईल.

इथे ओढण्याऐवजी आपण पट्टी वाकवतो आहोत, म्हणून सूत्र थोडं वेगळं. बल न्यूटनमध्ये आणि सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्या. ५० ग्रॅम म्हणजे ०.४९ न्यूटन. बल गुणिले बाहेर काढलेल्या लांबीचा घन गुणिले चार, हे वर. खाली गेलेलं अंतर गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन, हे खाली. जाडी साध्या पट्टीने मोजू नका. तिचा घन येतो, त्यामुळे दहा टक्क्यांची चूक उत्तरात तीस टक्के होऊन बसते. त्याऐवजी पूर्ण पट्टी काट्यावर तोला. दर घन सेंटिमीटरला ७.९ ग्रॅम या हिशेबाने तिचं आकारमान काढा आणि त्याला पट्टीच्या पूर्ण लांबीने आणि रुंदीने भागून जाडी मिळवा.

बहुतेक पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, त्यामुळे उत्तर एक लाख नव्वद हजार ते दोन लाखांच्या दरम्यान यायला हवं. फार वेगळं आलं, तर सूत्रावर शंका घेण्याआधी जाडी पुन्हा एकदा काढून पाहा.